भाड्याचा कॅमेरा, थळ ते मुरूड

गुरुवारी सकाळी सहाला पुण्याहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही तिघे होतो. मी, सुधीर आणि कॅमेरा. पट्टे तिघांनाही लावले होते. मागच्या सीटवर उशीला टेकवून बसवलेल्या त्या काळ्या बॅगेला सुधीरने स्वतः पट्टा लावला आणि ओढून पाहिला. माझा पट्टा नीट लागला आहे की नाही हे त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षातही पाहिल्याचं मला आठवत नाही.

सुधीर जूनमध्ये बँकेतून निवृत्त झाला. ऑगस्टमध्ये त्याला फोटोग्राफीचा एक ग्रुप सापडला आणि दिवाळीपर्यंत त्याला 'प्रोफेशनल फुल फ्रेम' कॅमेरा हवा झाला. फुल फ्रेम म्हणजे काय, हे मला त्याच्या व्हिडिओंमधून सक्तीने शिकावं लागलं. पूर्वीच्या रोलवर जेवढी निगेटिव्ह असायची तेवढाच मोठा सेन्सर आत असतो. त्यामुळे कमी उजेडात चांगलं दिसतं, बारीकसारीक तपशील टिपला जातो आणि माणसाच्या मागचं सगळं धूसर करता येतं. मागचं धूसर करायला लोक एका बऱ्या स्कूटरइतके पैसे मोजतात. माझं मागचं चष्मा काढला की फुकट धूसर होतं.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. तीस वर्षांत त्याने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू होती. स्कूटरही मी सुचवली म्हणून घेतली होती. तेव्हा 'नको' म्हणून विषय संपवणं मला जमेना. पंपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी खरेदी विभागात काढली आहेत. तिथे आम्ही माहितीपत्रक वाचून काहीच घेत नसू, आधी चाचणी. म्हणून कॅमेरा आणि दोन लेन्स चार दिवसांसाठी भाड्याने आणल्या. वहीच्या पानावर मध्ये रेघ मारली, डावीकडे गुण, उजवीकडे दोष. रविवारी परत आल्यावर निकाल मी देणार आणि तो सुधीर मान्य करणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी सांगितलं आणि तो बॅगेकडे बघत 'हो' म्हणाला.

पहिला दोष मी निघण्याआधीच लिहिला होता. कॅमेरा, लेन्स आणि तिपाई यांचं वजन चार किलो सहाशे ग्रॅम. माझे चार दिवसांचे कपडे, औषधं आणि छत्री धरून तीन किलो दोनशे.

खोपोलीत चहा आणि पेणला पापड घेऊन साडेदहाला आम्ही थळच्या किनाऱ्यावर पोचलो. एका बाजूला खताच्या कारखान्याच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला समुद्रातला किल्ला आणि मध्ये कोळीवाडा. वाळूत बांबूच्या वलांड्या (मासे वाळत घालायच्या उभ्या चौकटी) उभ्या होत्या आणि त्यांवर बोंबील जोडीजोडीने अडकवलेले होते, तोंडात तोंड घालून. वास बेताचा नव्हता. दृश्य मात्र खरोखर सुंदर होतं. मी फोनवर दोन फोटो काढले, मुलीला पाठवले, तिचं 'मस्त' आलंसुद्धा.

सुधीर तोवर तिपाईचा दुसरा पाय उघडत होता.

मग लेन्स बदलायची वेळ आली. वारा सुटलेला, वाळूचे कण उडत होते, आणि सेन्सरवर कण गेला तर प्रत्येक फोटोत त्याचा डाग येतो म्हणे. म्हणून त्याने डोक्यावरून टॉवेल घेतला आणि वाफारा घ्यायला बसावं तसा वाळूत उकिडवा बसून टॉवेलाच्या आत लेन्स बदलली. वलांडीवर बोंबील लावणारी एक कोळीण हात थांबवून ते पाहत राहिली. तो बाहेर आला, उभा राहिला, ढग सरकायची वाट पाहू लागला. वीस मिनिटं गेली. तिची एक वलांडी भरून झाली.

"दादा," ती म्हणाली, "माजं बोंबील सुकलं, तुजा फोटू कंदी (कधी) निंगनार?"

उजेड अजून कडक आहे, असं सुधीरने तिला समजावून सांगितलं. बोंबील सुकायला तोच लागतो, हे तिने त्याला समजावून सांगितलं. मग तिने माझ्याकडे मोहरा वळवला. घरीही हा असाच असतो का, विचारलं. मी म्हटलं, घरी बसून असतो. ती इतकी हसली की पलीकडच्या दोघींनी काय झालं म्हणून विचारलं, आणि तिने त्यांना सांगितलं. पुढचा अर्धा तास त्या किनाऱ्यावर सुधीर हीच मुख्य प्रेक्षणीय गोष्ट होता. दोष क्रमांक चार: फोटो काढणाराच दृश्य होतो.

ती रात्र आम्ही नागावला एका सुपारीच्या वाडीत काढली. संध्याकाळी वाडीवाल्यांनी पोपटी लावली होती. (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मडकं उलटं करून वरून जाळ.) जाळाचा फोटो काढायचा म्हणून सुधीर पुढे झाला, धुराने कॅमेरा खराब होईल म्हणून मागे आला, पुन्हा पुढे झाला. त्याच्या वाट्याच्या शेंगा गार झाल्या. पण त्याच काळोखात, केवळ जाळाच्या उजेडात काढलेला मडक्याचा फोटो मी पाहिला आणि प्रामाणिकपणे डाव्या रकान्यात लिहिलं: अंधारात फोनपेक्षा पुष्कळच चांगलं दिसतं. माझ्या फोनवरचं मडकं कोळशासारखं आलं होतं.

शुक्रवारी रेवदंडा, कोर्लई, काशीद असं थांबत मुरूडकडे गेलो. वाटेतल्या एका धक्क्यावर शंभरेक माणसं फोनने फोटो काढत होती. होड्यांचे, एकमेकांचे, वड्याचे. शिट्टी वाजली ती सुधीरसाठी. रखवालदाराने विचारलं, चॅनेलवाले का? नाही म्हटल्यावर त्याचा संशय वाढला. परवानगी कुठे आहे? सुधीरने सांगितलं की मी हौशी आहे. रखवालदाराने लेन्सकडे बोट दाखवून सांगितलं की हौशी एवढा मोठा नसतो. शेवटी मी पुढे होऊन ओळखपत्राची प्रत दिली. मी प्रवासात प्रती ठेवते. सुटलो, पण सूर्य तोवर बुडाला होता आणि त्या शंभर जणांकडे त्याचे फोटो होते. हा दोष नववा.

मुरूडच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात आम्ही दोन दिवसांसाठी खोली घेतली होती. घर रुखसानाताईंचं. त्या तिथल्या शाळेत मराठी शिकवतात, नवरा कुवेतला असतो, आणि घरी सासूबाई, ज्यांना सगळं गाव दादी म्हणतं. पोचल्यावर तांदळाच्या पातळ भाकऱ्या आणि पापलेटचं सालन (आपण कालवण म्हणतो ते, पण नारळाच्या दुधातलं) पुढे आलं. एवढं चांगलं जेवण मी वर्षभरात जेवले नव्हते. सुधीरने आधी ताटाचा फोटो काढला. मी जेवून हात धुतले तेव्हा तो पापलेटचा डोळा फोकसमध्ये आणत होता.

शनिवारी सकाळी नाश्त्याला रुखसानाताईंचा चेहरा उतरलेला दिसला. विचारल्यावर कळलं की दादी गावच्या सोळा जणांबरोबर उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) निघाल्या आहेत. इतरांचे व्हिसाचे कागद झाले. दादींचा फोटो तीनदा परत आला. आज दुपारी चारपर्यंत चांगला फोटो गेला नाही तर दादी या तुकडीत जाणार नाहीत, आणि पुढच्या तुकडीत ओळखीचं कोणी नाही. दादींचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांना एकटं कोण नेणार?

परत येण्याची कारणं मी एकेक विचारून घेतली. सवयच आहे. पासपोर्टच्या फोटोत दादींच्या हनुवटीवर मोठा तीळ आहे. पहिल्या फोटोत फोनने आपल्या मनाने चेहरा गुळगुळीत करून तीळ आणि तीस वर्षं पुसून टाकली होती. यात्रेच्या एजंटाने लिहिलं, बाई वेगळी वाटते. फोनचं ते साजशृंगाराचं बटण बंद केलं, तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच हवा होता, म्हणून मागे चादर लावलेली. आणि दादी पांढऱ्या ओढणीशिवाय बसायला तयार नव्हत्या. तिथे जायचे कपडे पांढरे शिवून झाले होते, आणि तिथल्या कागदावर तिथल्याच कपड्यात जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या दोन्ही फोटोंत फोनने चादर आणि ओढणी एकच करून टाकली. चादरीतून एक चेहरा तरंगत बाहेर आल्यासारखा दिसत होता. मुरूडचा फोटोवाला लग्नाला गेलेला. सुनेने पोपटी रंगाच्या ओढणीचं पुष्कळ सांगून पाहिलं होतं. दादींनी ती ओढणी घडी करून सुनेच्याच हातात दिली.

सुधीर इतका ताठ बसलेला मी त्याच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता.

पुढचे तीन तास मांडामांड चालली. दादी खुर्चीवर बसल्या, मागे चादर, समोर तिपाई. सुधीरने त्याची आवडती लेन्स लावली आणि तिचं तोंड होईल तितकं उघडलं, कारण ग्रुपमध्ये सगळे पोर्ट्रेट असंच काढतात. फोटो मागच्या पडद्यावर दाखवला. मलाही आधी तो अप्रतिम वाटला. दादींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"ह्यो एक डोला माजा हाय," त्या म्हणाल्या. "बाकीची बाई कोन?"

खरंच होतं. एक डोळा पापणीच्या केसांसकट लख्ख, आणि दुसऱ्या डोळ्यापासून कानापर्यंत सगळं धुक्यात. व्हिसा देणारा खात्यातला माणूस धुकं बघून वाहवा करणार नव्हता. सुधीर म्हणाला, यालाच खोली म्हणतात. मी म्हटलं, खोली आपण भाड्याने घेतली आहे, इथे कान हवेत.

मग मी सूत्रं हातात घेतली. कारखान्यात पांढऱ्या रंगाच्या नमुन्यांवरून मी पुरवठादारांशी इतकी वर्षं भांडले आहे की पांढरा एक नसतो, हे मला झोपेतही कळतं. चादरीला रुखसानाताई नीळ देतात, ती निळसर होती. ओढणी कोरी, दुधासारखी. डोळ्याला फरक दिसत होता, म्हणजे चांगल्या यंत्रालाही दिसायला हवा. नसेल तर एवढं ओझं कशाला वाहायचं? खुर्ची ओट्यावर आणली, जिथे उजेड एका बाजूने येत होता. चादर चार हात मागे टांगली. लेन्सचं तोंड लहान करायला लावलं. सुधीरला एकच सांगितलं, की सुंदर काढू नकोस, खरा काढ. त्याला ते लागलं, दिसलंच. पण त्याने काहीतरी चाकं फिरवली, पांढरा जळू नये म्हणून उजेड कमी धरला, आणि तिपाईवरून डोकं वर काढून दादींना विचारलं की तिकडे गेल्यावर पहिलं काय करणार.

दादींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा त्याने बटण दाबलं.

आम्ही तिघांनी मागच्या पडद्यावर फोटो पाहिला. ओढणीची कड चादरीपासून वेगळी दिसत होती, तिच्यावरचे टाके दिसत होते, तीळ होता, सगळ्या सुरकुत्या होत्या, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मला लिहिता येत नाही. मी यादीची माणूस आहे. सुधीरच्या हातून एवढा चांगला फोटो आधी झाला नव्हता आणि त्यालाही ते कळत होतं. मार्चमध्ये ग्रुपचं प्रदर्शन आहे. मनात त्याने चौकट लावून तो भिंतीवर टांगलासुद्धा.

दुपारचे दोन वाजले होते आणि जगातला सर्वांत तपशीलवार तीळ कॅमेऱ्यात अडकून पडला होता. त्याचं कार्ड फोनला लागत नाही, घरातल्या संगणकाला लागत नाही. कॅमेऱ्याचं वायफाय रुखसानाताईंच्या फोनशी जोडायला एक ॲप लागतं, ते उतरवायला नेटवर्क लागतं, आणि नेटवर्क त्या घरात फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे येतं. आम्ही तिघं भर उन्हात टाकीमागे उकिडवे बसलो. ॲप आलं. फोन कॅमेऱ्याला ओळखेना. मी घरी मूळ पुस्तिका वाचली होती (सुधीरने नाही), म्हणून पंधरा मिनिटांत ओळख करून दिली. मग फोटो एवढा मोठा निघाला की व्हिसाचं पान तो घेईना. रुखसानाताईंनी तो लहान केला, अजून लहान केला, शेवटी टपालाच्या तिकिटाएवढा केला तेव्हा गेला. तीन वाजून वीस मिनिटं. पावणेचारला एजंटाचा संदेश आला, चालेल.

खाली येऊन सांगितलं. दादींनी दोन्ही हात उचलून दुआ केली, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग सुधीरला जवळ बोलावलं.

"काम झालं नं बाबा? आता पुसून टाक ती तसवीर. आमी ठेवीत न्हाय."

रुखसानाताईंनी संकोचून समजावलं की सरकारी कामापुरता फोटो चालतो, पण माणसाची तसबीर घरात ठेवणं किंवा लावणं दादींना मान्य नाही. कुवेतच्या मुलाचाही फोटो त्या ठेवत नाहीत. त्याचा फोन आला की आवाज ऐकतात. रुखसानाताई आपल्या फोनमधलाही व्हिसा आल्यावर काढणार होत्या. तेव्हा कुठे मी भिंतींकडे पाहिलं. घड्याळ, दिनदर्शिका, शाळेचं प्रशस्तिपत्र. माणूस एकही नाही.

सुधीरने कॅमेरा आणला. दादींच्या शेजारी बसून त्यांना फोटो दाखवला आणि पुसला. पडदा रिकामा झालेला त्यांनी पाहिला, मान हलवली, आणि आम्हाला फिरनी खायला बसवलं.

आता इथे एक माहिती द्यायला हवी. असल्या महागड्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात. प्रत्येक फोटो दोन्हींवर एकाच वेळी उतरतो. एकावरचा पुसला तरी दुसऱ्यावरचा राहतो. पुस्तिकेत ते मोठ्या अभिमानाने सांगितलं आहे. मला माहीत होतं. सुधीरलाही माहीत होतं, हे मला माहीत होतं. फिरनी खाताना आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

रविवारी सकाळी निघालो. वळणाचा रस्ता, डावीकडे समुद्र, आणि सुधीर एकदाही 'थांबू या, उजेड छान आहे' म्हणाला नाही. काशीदच्या अलीकडे मीच विषय काढला. म्हटलं, दुसऱ्या कार्डावर आहे ना? तो 'आहे' म्हणाला. दादींसमोर सुचलं नाही का, असं मी विचारलं.

"सुचलं होतं," तो म्हणाला.

पुढचं वाक्य मी बोलले याचा मला अभिमान नाही, पण लिहिते. मी म्हटलं, राहू दे. पुण्यात त्यांना कोण ओळखतं? एवढा चांगला फोटो पुन्हा होणार नाही. चार दिवस मी त्या कॅमेऱ्याची टिंगल केली होती, आणि त्याने काढलेल्या एकाच खऱ्या फोटोसाठी एका म्हातारीला फसवायला मी तयार झाले होते. तेही तिच्या घरची फिरनी खाऊन.

सुधीरने गाडी सुरूच्या झाडांखाली घेतली. मागच्या सीटवरच्या बॅगेचा पट्टा सोडला, कॅमेरा मांडीवर घेतला, दुसरं कार्ड उघडलं. फोटो आला. तो त्याने मोठा करून पाहिला नाही.

"त्यांनी मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "कॅमेऱ्याला नाही."

पडद्यावर प्रश्न आला, पुसायचा का. त्याने बटण दाबलं, कॅमेरा बॅगेत ठेवला आणि विचारलं की पेणला जेवायचं की खोपोलीला.

संध्याकाळी पुण्यात कॅमेरा परत केला. दुकानदाराने फोटो कसे आले विचारलं. सुधीर म्हणाला, बोंबलांचे बरे आलेत. घरी मी बेरीज केली. दोष एकवीस, गुण पाच. खरेदी विभागात अशी वस्तू मी फाटकातूनच परत पाठवली असती, आणि पुरवठादाराला पत्रही लिहिलं असतं.

कॅमेरा घ्यायचा ठरवला आहे. वापरलेला, वर्षाच्या हमीचा, आणि एकाच लेन्ससह. दुसरी मागितली तर पुन्हा चार दिवसांची चाचणी. कारण विचाराल तर ते दोन्ही रकान्यांत बसत नाही, आणि मी ओढून बसवणारही नाही. सुधीरने कारण विचारलं नाही. तिपाई कुठे ठेवायची तेवढं विचारलं.

मंगळवारी रुखसानाताईंनी व्हिसाच्या कागदाचा फोटो पाठवला. कोपऱ्यात करड्या रंगाचा, नखाएवढा चौकोन, त्यात दादी. एवढीच काय ती त्या फोटोची प्रत आता उरली आहे, आणि ती त्यांच्याबरोबर जाणार आहे. सुधीरने माझा फोन घेतला, दोन बोटांनी तो चौकोन मोठा करत नेला, शेवटी पडद्यावर नुसते करडे ठिपके राहिले. मग फोन मला परत दिला.

"चांगल्या आल्यात दादी," तो म्हणाला.